पाऊण वर्तुळाचा सुळका

आमच्या घरी गणित सोडवल्याशिवाय वरण मिळत नसे. हे मी सांगितलं की माझी सून मोबाइलमागे तोंड लपवून हसते. तिला वाटतं, सासूबाई मीठमसाला लावतात. मीठमसाला कसला, उलट मी कमीच सांगते. तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या शहरात, बरकतपुऱ्यात, आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं फरशीचा चौक, चौकात एकच नळ, आणि नळाला पाणी आलं की चार बिऱ्हाडांच्या बादल्यांचा असा खणखणाट व्हायचा की देवाची घंटा वाजवलेली देवालाही ऐकू जाऊ नये. त्या गोंधळात अण्णा पाटावर शांत बसायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत गणिताचे मास्तर. आई ताटात भात वाढायची, अण्णा स्वतः हातानं त्याला टोक काढायचे आणि मला म्हणायचे, "मंदे, शंकू. त्रिज्या अडीच इंच, उंची दोन. घनफळ?" मी बोटं मोजत म्हणायची, "तेरा घन इंच आणि वर थोडं." "थोडं म्हणजे किती?" मग आई वरणाची पळी हवेत धरून म्हणायची, "अहो, लेकराला जेवू द्या की. निवून चाललाय तुमचा शंकू."

शंकूवर अण्णांचा विशेष जीव होता. वाण्याच्या पुडीपासून रॉकेलच्या नरसाळ्यापर्यंत सगळ्यात त्यांना शंकू दिसायचा. एकदा शंकूचं घनफळ नळकांड्याच्या तिसरा हिस्सा असतं हे मला पटवायला त्यांनी नरसाळ्याच्या टोकाला बोट लावून त्यात तीनदा ज्वारी भरली आणि डब्यात ओतली. डबा काठोकाठ भरला, गणित सिद्ध झालं, आणि निम्मी ज्वारी चौकात सांडली. शेजारच्या सावित्रम्मांच्या कोंबड्यांनी त्या दिवशी अण्णांना मनापासून दुवा दिला असेल. आईनं काय दिलं ते लिहीत नाही.

आता अण्णांच्या खुणेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अण्णा लाल पेन्सिलीनं 'बरोबर'ची खूण करायचे, लांब शेपटीची. ती खूण शाळेपुरती नव्हती. काचीगुडा-बरकतपुऱ्यातली मराठी घरं अण्णांकडून विजेची बिलं तपासून घ्यायची, घराचे नकाशे तपासून घ्यायची, एकांनी तर मुलीची पत्रिका आणली होती, ग्रहांचं गणित बघा म्हणून. खूण पडली की विषय संपला. त्यांना चूक म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी पाळीही येत नसे. त्यांचं एक वाक्य घरात वेदवाक्य होतं: "बरोबर उत्तर सुबक असतं." अपूर्णांकांची शेपटं लोंबायला लागली की समजावं, कुठंतरी वाट चुकली. मी हे वाक्य इतकं पाठ केलं होतं की उत्तर सुबक आलं की पुढं विचारच करायची नाही. हट्टी होते मी, आणि हुशार असल्याचा माज होता तो वेगळाच. मी तेव्हा नववीत होते.

त्या वर्षी शालूताईचं लग्न ठरलं. शालूताई माझी मोठी बहीण. मुलगा पुण्याचा, घर चांगलं, माणसं चांगली, पण विहीणबाई बघण्याच्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून आईला म्हणाल्या, "तुमची मराठी जरा वेगळीच आहे, नाही?" एवढंच म्हणाल्या. आई मात्र ते वाक्य महिनाभर पोळ्या लाटताना लाटत होती. "वेगळी म्हणजे? 'का'ला 'कामून' म्हणलं म्हणून वेगळी? परभणीची आहे मी, काय विलायतेची हाये का?" आणि त्यातूनच तिनं ठरवलं की रुखवत असं मांडायचं की पुण्याची तोंडं उघडीच राहिली पाहिजेत.

रुखवत म्हणजे लग्नात मुलीकडच्यांनी हातानं करून मांडलेली फराळाची आणि शोभेची आरास. त्यात नुक्तीचा सुळका ठेवायची आमच्या घराण्याची रीत. पुण्याकडं जिला बुंदी म्हणतात ती आमची नुक्ती. चिकट पाकातली नुक्ती दाबून तिचं शिखर करायचं, विहिणीनं त्याचं टोक मोडायचं आणि पहिला घास सुनेच्या तोंडात घालायचा. तो घास पडला की सून त्या घरची झाली, असं आमची माणसं मानायची. गावाकडं हा सुळका हातानंच थापायचे, वीतभर उंचीचा. आईला फूटभर उंच हवा होता, आणि तोही मुंबई-पुण्याच्या केकसारखा गुळगुळीत. त्यासाठी पत्र्याचा साचा करायचा ठरला. अण्णांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला अजून दिसते. "सुळका मांडायची परात अठरा इंचांची. म्हणजे त्रिज्या नऊ, उंची बारा. मंदे, हे गणित तुझं. नुक्ती किती लागेल ते काढ, आणि पत्रा कसा कापायचा तेही."

मी चौकात पालथी पडून गणित केलं. कागदाच्या पुढच्या बाजूला घनफळ: एक हजार अठरा घन इंच. आईच्या पितळी डब्याचं माप काढून सांगितलं, साडेसहा डबे नुक्ती. मग कागद उलटला. शंकू उलगडला की वर्तुळाची पाकळी होते, हे मला ठाऊक होतं. पाकळीची त्रिज्या मी घेतली बारा. बारा इंच उंच शंकू, म्हणून बारा. परातीचा परीघ त्या कमानीवर बसवला, आणि काय सांगू, कोन आला बरोबर दोनशे सत्तर अंश. पाऊण वर्तुळ! एक कण इकडं नाही की तिकडं नाही. एवढं सुबक उत्तर मला आयुष्यात आलं नव्हतं. मी नाचत अण्णांकडं गेले. अण्णांनी पुढची बाजू ओळन् ओळ तपासली, खूण केली, कागद उलटला आणि म्हणाले, "पाऊण वर्तुळ? वा!" आणि लांब शेपटीची खूण केली.

परवा माझी नात तारनाक्याच्या घरी याच प्रकरणावर डोकं धरून बसली होती. "अज्जी, ये स्लँट हाइट का क्या करना जी? हाइट है तो हाइट लेना ना, बस." मला आधी हसू आवरेना, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. ती घाबरली बिचारी.

कागद घेऊन मी गफूरचाचांच्या दुकानात गेले. काचीगुड्याच्या एका बोळात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं; डबे, नरसाळी, कोठ्या, सगळं ठोकून करायचे आणि दिवसभर तो ठकठक आवाज बोळभर फिरायचा. त्यांच्या मोठ्या मुलाला अण्णांनी मॅट्रिकचं गणित घरी बसवून शिकवलं होतं, एक पैसा न घेता, त्यामुळं चाचा आम्हाला बघितलं की स्टूल पुसून द्यायचे. चाचांना फारसं लिहितावाचता येत नव्हतं. एक खिळा, एक सुतळी आणि खडू, एवढीच त्यांची अवजारं मापाची. त्यांनी आकृती बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"अम्मा, ऊंचा कित्ता होना बोले?"

"एक फूट."

त्यांनी एक तयार नरसाळं उलटं ठेवलं, टोकापासून काठापर्यंत सुतळी ताणली, मग तीच सुतळी सरळ उभी धरून दाखवली. सुतळी टोकाच्या वर लोंबत राहिली. "ये देखो. बाजू तिरछी चलती ना बेटी. तिरछा रस्ता लंबा होता. बारा इंच में काटे तो साचा बैठ जाता."

मला राग आला. खरंच राग आला. पत्रे ठोकणाऱ्या माणसानं मला, गणित मास्तरांच्या मुलीला, सुतळीनं शंकू शिकवावा? मी कागदावरच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "चाचा, अण्णांनी तपासलंय. हे बघा निशान."

चाचा त्या खुणेकडं बघत राहिले. मग कागदाची घडी करून त्यांनी ती कुडत्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "मास्तरसाब का निशान है तो मैं कौन? हौ. ऐसाच बनाता." मी जिंकल्यासारखी घरी आले.

साचा आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी, जेव्हा चौकात चूल पेटली होती, कढई चढली होती आणि सावित्रम्मा झाऱ्यावर पीठ ओतून कडेला टप टप टप आपटत होत्या. पिवळे थेंब तुपात पडायचे आणि फुगून वर यायचे. सगळ्या बिऱ्हाडांत वेलदोड्याचा वास. आलेल्या साच्याकडं बघायला कुणाला वेळ होता? टोक खाली करून तो बादलीत उभा केला, आतून तूप फासलं आणि गरम नुक्ती दाबून भरली. साचा काठोकाठ भरला तरी दोन डबे नुक्ती उरली, वर आणखी ओंजळभर. आई म्हणाली, "तुझ्या अण्णांनी वाढीवच धरली असंल. बरं झालं, पाहुण्यांना होईल." मी मात्र कोपऱ्यात जाऊन घनफळ पुन्हा काढलं. तेच आलं. तिसऱ्यांदा काढलं. तेच. चाचांची सुतळी मला आठवली आणि मी ती मनातून ढकलून दिली. शेवटी खूण होती ना.

सकाळी कार्यालयात, रुखवताच्या टेबलावर, सगळ्यांसमोर मामांनी परात धरून साचा उलटा केला आणि वर उचलला. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, परभणीहून आलेले, आवाज असा की वाजंत्र्यांनी ओशाळावं. साचा निघाला आणि मामांचाही आवाज गेला. शिखर कुठलं, परातीत भाकरी झाकायची टोपली पालथी घातल्यासारखं काहीतरी पसरट बसलं होतं. अण्णांनी खिशातली पट्टी काढून लावली. जेमतेम आठ इंच. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "आता काय सांगू मी त्यांना? म्हणतील, हात आखडला. नुक्तीत हात आखडला म्हणतील!" घरी दोन डबे नुक्ती पडून होती आणि आईवर ही वेळ आली होती. पुण्याची मंडळी आत यायला लागली होती, विहीणबाई सगळ्यांत पुढं.

तेवढ्यात मामांना आवाज परत सापडला. दारापाशी गफूरचाचा उभे होते, पांढरा कुडता, कानात अत्तराचा फाया, हातात शालूताईसाठी कळशीचा आहेर. मामा त्यांच्यावर धावून गेले. "पत्रा खाल्लास होय रे? फूटभराचा साचा सांगितला आणि आठ इंचांचा दिलास! उरलेला पत्रा कुठं विकलास?" सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. चाचांनी मान खाली घातली, कळशी दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या खिशातून माझ्या कागदाचं टोक दिसत होतं. तो कागद नुसता बाहेर काढला असता तरी ते सुटले असते. काढला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, आणि चोर मी होते. मला सगळं कळत होतं. बोलले तर पुण्याच्या व्याह्यांसमोर, दोनशे माणसांसमोर, अण्णांची खूण चुकीची ठरणार होती. नाही बोलले तर अण्णांची खूण शाबूत, माझी हुशारी शाबूत, आणि एक सरळ माणूस चोर ठरून घरी जाणार होता. मला अण्णांइतकं कुणीच प्रिय नव्हतं.

"मामा, थांबा!" मी ओरडले. "चाचांनी मला सांगितलं होतं. बाजू तिरकी चालते, पत्रा जास्त लागेल, म्हणाले होते. मीच ऐकलं नाही."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग चाचांकडं. "चाचा, वो कागज है?"

"कौनसा कागज, साब?" चाचा म्हणाले. "वो तो गुम गया."

"खिशात आहे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

अण्णांनी हात पुढं केला. चाचांनी नाइलाजानं कागद दिला. अण्णांनी तो उलटा करून ओळन् ओळ तपासला; वाजंत्र्यांनीसुद्धा सनई खाली ठेवली होती. मग अण्णा वळले आणि वर्गात बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, साचा या माणसानं दिलेल्या मापाप्रमाणं अचूक केलाय. माप चुकलं. मुलीनं उभी उंची घेतली, घ्यायची होती तिरकस. बारा नव्हे, पंधरा. पोर नववीत आहे, तिची चूक एकवेळ माफ. पण खाली बरोबरची खूण माझी आहे. उत्तर सुबक दिसलं म्हणून मी तपासलंच नाही." आणि चाचांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "चाचा, आपको मालूम था. मेरेकू बोले कैकू नै?"

"आपका निशान था, मास्तरसाब," चाचा एवढंच म्हणाले.

अण्णांचा चेहरा त्या वाक्यानं जेवढा पडला तेवढा आठ इंचांच्या सुळक्यानंही पडला नव्हता. मामांनी घसा खाकरला, चाचांच्या हातातली कळशी घेतली आणि "चला चला, आत बसा, मी जरा तापट आहे" असं काहीतरी पुटपुटले. त्यांच्या हिशेबात ती माफी होती.

विहीणबाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या टेबलापाशी आल्या. आईनं डोळे मिटून घेतले. विहीणबाई सुळक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला, पण चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणणारा पुरुष आज पहिल्यांदा बघितला. आमच्या घरात तर ही भाषाच नाही." त्यांचे यजमान मागं उभे होते, ते एकदम छताकडं बघायला लागले. "काय म्हणता याला? नुक्ती? आण गं शालू तोंड इकडं." त्यांनी टोक मोडलं, नव्हे, एवढ्याशा उंचीला टोक कुठलं, वरचा पापुद्राच काढला, आणि शालूताईच्या तोंडात एवढा मोठा घास कोंबला की तिला पुढची दहा मिनिटं बोलता येईना. मग त्यांनी स्वतः खाल्ला आणि आईला विचारलं, "उरलीय का अजून?" आईनं डोळे उघडले. "दोन डबे हाये की!" आई आनंदानं इतकी भडाभडा बोलली की 'कामून' आणि 'हौ' दोन्ही त्यात आले, आणि कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पंगतीत अण्णांनी चाचांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. शालूताईला मात्र सासरी जन्मभर 'आठ इंची सून' हे नाव पडलं. ती आता पंच्याहत्तरीला आली, नातजावई झाले, तरी दीर चिडवतात.

मला वाटत होतं, पाहुणे गेले की माझी धडगत नाही. अण्णा रागावले नाहीत. चार दिवस ते ताटातला भात टोक न काढता नुसताच खायचे, आणि आई काळजीनं म्हणायची, "विचारा की हो पोरीला काहीतरी." पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी मला चप्पल घालायला सांगितली आणि काचीगुड्याच्या त्या बोळात घेऊन गेले. चाचांनी घाईघाईनं स्टूल पुसलं. अण्णा स्टुलावर बसले नाहीत, खाली पोत्यावर मांडी घालून बसले. "चाचा, सिखाओ," म्हणाले. "सुतळी से कैसा करते, मेरेकू सिखाओ."

चाचा बराच वेळ नक्को-नक्को करत राहिले. मग त्यांनी खिळा ठोकला, सुतळी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी खडूनं कमान ओढली, कातर चालवली, बोट कापून घेतलं, पत्रा वळवला, आणि एक नरसाळं तयार झालं. एका बाजूनं काठ वर, दुसऱ्या बाजूनं खाली. ते त्यांनी चाचांसमोर धरलं, परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखं. "सच बोलो, चाचा."

चाचांनी ते हातात घेऊन फिरवलं. माझ्याकडं बघितलं, बाहेर बोळात बघितलं, घाम पुसला. मग म्हणाले, "गलत है, मास्तरसाब. किनारा मिला नै. फिर से काटो."

माझ्या आठवणीत अण्णांना 'चूक' म्हणणारा तो पहिला माणूस. अण्णा पोटभर हसले, शेजारचे दुकानदार डोकावून बघायला लागले इतके हसले, आणि डोळे पुसत त्यांनी नवा पत्रा पुढं ओढला.

"हौ चाचा," ते म्हणाले. "फिर से."